हेडाऊबाबूंची गावं

नकाशात नाला आला, की हेडाऊबाबू पँट गुडघ्यापर्यंत दुमडत. खुर्चीवर बसल्या बसल्याच. मग निब शाईत बुडवून गावाच्या शिवेची रेघ नाल्यावरून पलीकडे नेत, आणि काठ लागला की पँट पुन्हा खाली. कचेरीत रुजू झालो त्या दिवशी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, माणसाला खाज सुटली असेल.

ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कौलारू कचेरीत आम्ही दोघे ट्रेसर होतो. गावांचे जुने नकाशे फाटायला आले होते. त्यांच्यावर खळ लावलेलं निळसर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालची रेघ वर जशीच्या तशी उतरवायची. मी चित्रकलेची पदविका घेऊन आलो होतो, मोठा चित्रकार वगैरे होणार होतो. इथे नियम असा, की स्वतःची अशी एकही रेघ काढायची नाही. दहा ते पाच, दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ. सहा महिन्यांत माझी रया गेली.

हेडाऊबाबू तेच काम वीस वर्षं करत होते. उमरेडच्या विणकरांच्या घरातले. घरचा माग बंद पडला तेव्हा नोकरीला लागले. पण ते नकाशा उतरवत नसत, त्या गावाला जात. सकाळी नवा नकाशा समोर आला की चपला काढून हात जोडत आणि मला विचारत, "काटोलकडे चाललो गा मी. तुले काही आणाचं हाय का?" साहेबांनी हाक मारली तर जागेवरूनच सांगत, "धुऱ्यावर आहो साहेब, येतोच." धुरा म्हणजे शेताचा बांध. तो संपेपर्यंत त्यांना मध्येच उतरता येत नसे. महिन्यातून तीन-चार दिवस ते कचेरीत येतच नसत. तेव्हा आम्ही म्हणायचो, गावाला मुक्काम पडला वाटतं.

एकदा साहेब स्वतःच टेबलाशी आले. "हेडाऊ, हा नकाशा पंधरा दिवस का पडून आहे?"

"साहेब, मंधात संत्र्याची बाग लागली. बहार हाय. जरासा बसलो."

नकाशात बाग कुठली? नुसते शेतांचे नंबर होते. साहेबांनी तावातावाने वाकून पाहिलं, आणि खरं सांगतो, क्षणभर त्यांनी श्वास खोल आत ओढला. मग भानावर आले आणि मेमो दिला.

उन्हाळ्यात शिपाई खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारी. खोलीत ओला, हिरवट काळोख उतरे. सगळे टेबलावर माना टाकत आणि हेडाऊबाबू दबक्या आवाजात चालत राहत. "पांदण लागली... इथं वळण हाय... कोणाच्या तरी घरी भाकर भाजून राहिले." ऐकता ऐकता भिंती लांब जात. माझ्याही तळव्यांना मऊ धूळ लागे.

अशाच एका दुपारी माझ्या कपाळावरचा घाम कापडावर टपकला. त्या कापडाचा हाच वैताग, पाण्याचा थेंब पडला की तिथली खळ जाते आणि पांढरा डाग उरतो. आठ दिवसांचं काम वाया. मी डोकं धरून बसलो. हेडाऊबाबूंनी डागाकडे पाहून टाळी वाजवली.

"अरे बाप्पा! गावाले तळं भेटलं ना!"

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसतं उठवत नव्हतं. सीताबर्डीच्या खोलीत आढ्याकडे बघत पडून असायचो. दात घासायचे म्हटलं तरी जिवावर येई. अशाने नोकरी जाईल हे कळत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. भीती वाटायची ती याचीच.

नवव्या दिवशी सकाळी हेडाऊबाबू आले. उपदेश नाही, काही नाही. माठातलं पाणी आपणच घेऊन प्याले आणि दाराशी स्टुलावर बसले. म्हणाले, "मीबी असाच पडलो होतो गा. तीन महिने, भिंतीकडं तोंड करून. घरची रोज सकाळी माह्ये दोन्ही पाय उचलून जमिनीवर ठेवे. बोले काही नाही. पाय खाली टेकले का माणूस उठते."

"मग?"

"मग काय, उठलो. तेव्हापासून गावं फिरून राहिलो." दाराबाहेर बघत म्हणाले, "घरची जाऊन दोन वर्षं झाली आता."

निघताना चपला घालत म्हणाले, "उद्या नऊले माह्या घरी ये, पाचपावलीत. मले उठवाले कोणी पाहिजे."

युक्ती माझ्या लक्षात आली. मला बिछान्यातून काढायला म्हातारा सोंग घेणार. तरी गंमत बघा, त्यांचा विरस नको म्हणून मी उठलो, आंघोळ केली, सायकल काढली. ते चहाचा कप घेऊन दारात हसत उभे असतील, आणि आपण काही कळलं नाहीसं दाखवायचं, हेही वाटेत ठरवून टाकलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. हेडाऊबाबू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे उघडे. मी आल्याचं त्यांना कळलं, पण मान वळली नाही. मला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

मी खाली बसलो, त्यांचे पाय हातात घेतले आणि एकेक करून फरशीवर ठेवले. मग ते हळूहळू उठून बसले.

"लय उशीर झाला का गा?"

"नाही," मी म्हणालो. "मी रोज याच वेळेला येणार आहे."