मोहरेच्या पानाची हकीगत

श्री. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी, ते दिवशी गाडीखान्यावर जो प्रसंग गुदरला तो पाहिला तैसा लिहितो, खोटे लिहू तर हात झडो. मोटारी घडविणारे एक सरकार, त्यांची मोटार या प्रांती विकावयाचा सुभा निळोजीराव यांजकडे बावीस वर्षे चालत होता, आणि आदले दिवशीच दसरा होऊन रावांनी एकतीस मोटारी चाकाखाली लिंबू ठेवून गिऱ्हाइकांचे हवाली केल्या, आणि मग एकादशीस झेंडूची फुले झाडीत असता सरकारचा खलिता आला की, तीस दिवसांत पाटी उतरवावी, सुभा दुसऱ्यास दिला. कसूर लिहिली नव्हती. राव मटकन बसले. पदरी साठ माणसे, अंगणात न विकलेल्या मोटारी उभ्या.

मग रावांस स्मरण जाहले की, सुभा काढणे तर वर्षभर आधी कळवू आणि उभ्या मोटारी माघारी घेऊ, ऐसे कलम सुभ्याचे सनदेत आहे म्हणोन सरकारचे वकील ती देतेवेळी बोलले होते. रावांस हुरूप आला आणि देव्हाऱ्यातून सनद आणविली. कलम शेवटचे पानी, मोहर तेथेच, म्हणोन बावीस दसरे पूजाही त्याच पानाची. हा लिहिणारा स्वतः त्यावर फूल वाही, परंतु वाचिले कोणी नाही, याची आज लाज वाटते. पाहतात तो "सुभा काढणे जाहल्यास सरकारने" इतके दिसते, पुढे सगळे तांबडे. रावांच्या राणीसाहेब उमाबाईंनी ओल्या फडक्याने हलके पुसले, तो कुंकवासंगे शाईही आली. बाईसाहेब फडक्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच वाहिलं हो हे सगळं."

मग राव सरकारात गेले आणि त्यांजकडील प्रत मागितली. वकिलांनी चहा पाजिला आणि बोलिले, "तुमचा हक्क तुमच्या कागदावर असेल, राव. आमची प्रत आमच्यापाशी." प्रत दाखवावी ऐसेही कलम असेल, तर तेही त्याच पानावर गेले.

तिसावे दिवशी पाटी उतरली. नवे सुभेदार शिदोजीराव यांचे समारंभास निळोजीराव हार घेऊन गेले, आणि कानाशी इतकेच बोलिले, "आधी वाचा. पूजा मागाहून." शिदोजीरावांनी मान डोलविली, सनद मस्तकी लाविली आणि शेवटचे पान उघडून कुटुंबापुढे धरिली.

येणेप्रमाणे सुभा गेला, हक्क गेला, साठ घरे उघडी पडली. आणि नव्या सनदेस मोहरेपाशी कुंकवाचे पहिले बोट लागले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले.