शेवंती एकटी आहे

वायाळसर सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेले नाहीत. "मले नाही जमत हो, शेवंती एकटी आहे," एवढं सांगून मोकळे झाले. दिवाळी असो की मे महिना, प्राणिशास्त्राचा हा सडाफटिंग माणूस आमचं तालुक्याचं कॉलेज सोडून हलत नसे. कारण विचारलं की शेवंती. स्टाफरूमनं या शेवंतीला एक नवरा आणि दोन पोरंही देऊन टाकली होती.

शेवंती निघाली रोगजंतू. सर्रा हा जनावरांचा ताप. तो आणणारा एकपेशी जंतू सरांनी उंदरांच्या रक्तात जगवला होता. एक उंदीर मरायच्या आत त्याच्या रक्ताचा थेंब दुसऱ्याला टोचायचा, नाहीतर वंश बुडाला. मग कसली सुट्टी आणि कसलं लग्न.

हा जंतू अंगावरचा कोट बदलतो, हे सरांचं वेड. शरीर एक कोट ओळखायला शिकतं, तोवर हा दुसऱ्या कोटात. "कोटायची अख्खी पोथी आहे त्याच्यापाशी. पण वाचते एकच अध्याय, बाकीचे बंद. मंग त्या पोथीतली खूण कोण हालवते?" हा प्रश्न त्यांनी चहावाल्याला विचारला, शिपायाला विचारला. प्राचार्यांनी रीतसर अर्ज करायला सांगितलं. स्वतः सर मात्र बारा महिने त्याच तपकिरी कोटात.

संस्थेचे अध्यक्ष निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलून आले. त्यांच्या सत्काराला सर माझ्या कानात म्हणाले, "ह्यायच्या पोथीतली खूण कोण हालवते, ते मले बराबर समजते." शेजारच्यानं ते ऐकलं आणि पोचवलं. लगेच हुकूम सुटला, उंदरांची खोली अध्यक्षांच्या जीपसाठी रिकामी करा. सर दारोदार फिरले. इतकी शिकलेली माणसं, पण एकानंही तोंड उघडलं नाही. त्याची चीड मला आजही येते.

खोली द्यायच्या दिवशी मी गेलो, तेव्हा एकच उंदीर उरला होता. शिपाई फिनेलची बादली घेऊन दारात उभा. मी म्हणालो, सर, सर्रा काय, पुन्हा कुठंही मिळेल.

"भेटन. पण तो शेवंतीचा नसन."

मग त्यांनी सांगितलं. शेवंती ही डोणगावला त्यांच्या वडिलांच्या टांग्याची घोडी. तिच्या भाड्यावर सर शिकले. तिला सर्रा झाला. ताप उतरला की म्हातारा हरखून तिच्यासाठी हरभऱ्याची चंदी भिजवायचा, तोच ताप परत चढायचा. ती गेली, त्याआधी सरांनी तिचं रक्त उंदराला टोचून घेतलं होतं.

"बापानं इचारलं, बरी होऊन राह्यली होती, मंग काऊन गेली? मले सांगता नाही आलं. म्हटलं, शोधून सांगतो." म्हातारा वाट पाहत गेला. प्रश्न सरांकडेच राहिला.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी बारीक वळवळत, त्यांना धक्के देत धावत होतं.

"पळून राह्यली ना?" सरांनी हळूच विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

बाहेरून शिपायानं सांगितलं, जीप आली.