जयवंताची साखर

राशनचे इन्स्पेक्टर रुपराव वाडीतल्या खोल्यांच्या रांगेत शिरले, तेव्हा पार्वती आत पोहे चाळत होती. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. ते साखरेच्या टंचाईचे, बहात्तर-त्र्याहत्तरचे दिवस. कार्डावरची साखर मिळाली तर करंज्या होणार, नाहीतर लेकीची दिवाळी चिवड्यावर भागणार, हे पार्वतीला पक्कं ठाऊक होतं.

नसलेली माणसं कार्डावर चढवून साखर उचलणारे बरेच निघाले होते, म्हणून रुपराव आधी शेजारी चौकशी करत. पार्वतीच्या शेजारच्या यमुताई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"इथं देवराव राहतात का?" रुपरावांनी विचारलं.

"देवराव? नाही जी. इथं नत्थूजी राहते."

मग यमुताईंना आठवलं, देवराव हे पार्वतीच्या नवऱ्याचंच कागदावरचं नाव. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तिसरा जगावा म्हणून त्याचं नाक टोचून नथ घातली, मुलगी आहे असं भासवायला. पुढे नथ निघाली, नत्थू तेवढा राहिला. तो ट्रक चालवी, आणि माल चढवणारे गोदामातले हमालसुद्धा त्याला नत्थूजीच म्हणत. एवढं सगळं यमुताईंनी सांगितलं, तेव्हा कुठे रुपरावांनी पहिल्या नावावर खूण केली.

"आणखी कोण?"

"पार्वती. आन् बुढी."

"बुढी कुठं आहे?"

"जांबाच्या झाडावर चढली. सकाळपासून उतरून नाही राहिली."

रुपरावांचं पेन थांबलं. कार्डावर म्हातारी कोणी नव्हतीच. तिसरं नाव होतं जयवंता, वय पाच. ती कुठं आहे म्हणून त्यांनी विचारलं, तर यमुताईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"जयवंताबाई वारली जी. सहा वर्सं झाली. तेरवीले मी होती ना."

झालं. रुपराव तडक पार्वतीच्या दारात गेले आणि मेलेल्या बाईच्या नावावर साखर उचलण्याबद्दल कार्ड जप्त होईल म्हणाले. पार्वतीच्या हातातली चाळणी खाली पडली. वारली ती तिची सासू. वर्षभरात मुलगी झाली आणि नवऱ्याने आईचं नाव लेकीला ठेवलं. त्याचं काय जात होतं? सासूचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, मग त्या नावाने पोरीला हाक कशी मारणार, आणि रागवायचं तर कुणाच्या नावाने? अशी आजीच्या नावाची पोर त्या काळी घरोघरी होती. तिला कुठे आजी म्हणत, कुठे माय, पार्वतीकडे बुढी. तीही अहो-जाहोची.

रुपरावांना हे नवं नव्हतं. त्यांचा सख्खा पुतण्या सात वर्षांचा होता आणि आजोबांचं नाव ठेवल्यामुळे घरात त्याला बाप्पाजी म्हणत.

"मले समजते बाई," ते म्हणाले. "पण मागच्या हप्त्यात शेजाऱ्यांच्या बोलण्यावर मी तीन कार्डं सोडली, तिन्ही बोगस निघाली. आता घरच्या मोठ्या माणसानं नाव घ्यायचं आन् ज्याचं नाव त्यानं ओ द्यायचा."

नत्थूजी ट्रक घेऊन रायपूरला गेला होता, तो शुक्रवारी येणार. रुपरावांना अहवाल आजच द्यायचा होता. पोरीलाच विचारा, असं पार्वतीने सुचवलं. सगळे त्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली जमले.

"नाव काय तुझं?" रुपरावांनी वर बघून विचारलं.

"बुढी."

"तसं नाही. कागदावरचं."

पोरीने हातातला पेरू मांडीवर ठेवला आणि दोन्ही कानांना हात लावले. "त्यायचं नाव घेत नाहीत. पाप लागते."

पार्वतीने पोरीची विनवणी केली, बुढीबाई, या बरं खाली. पोरगी ढिम्म. रुपरावांनी खिशातून लाल पेन काढलं. ते पाहून पार्वती आत गेली. खुंटीवर सासूचा फोटो होता. त्याला नमस्कार करून तिने तो भिंतीकडे तोंड करून लावला, आणि पदर खोचून बाहेर आली.

"जयवंता," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," रुपराव म्हणाले.

"जयवंता!"

पोरगी इतकी दचकली की ओ देत देतच सरसर खाली उतरली. रुपरावांनी खूण केली आणि झालं म्हणून सांगितलं. पण पार्वतीचं कुठे झालं होतं?

"जयवंते, फ्रॉक काहून फाडला वं? जयवंते, किती येळा सांगतलं, झाडावर चढू नको. आन् जेवाले वाढलं का तोंड वाकडं काहून करते? माझ्या भाजीले नावं ठेवते? माझ्या मायबापाले नावं ठेवते?"

पोरीने आपल्या आजी-आजोबांना नावं ठेवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. यमुताई मात्र पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या आणि मान वर न करता हसू लागल्या.

"बाई, पुरे. सही झाली माझी," रुपराव म्हणाले.

"तुम्ही जा जी. आमचं अजून तीन वर्सांचं रागावणं बाकी हाय."

साखर आली. शुक्रवारी अमरावती रोडला ट्रक लावून नत्थूजी घराशी पोचला, तर आतून आवाज आला, "जयवंते, मुकाट्यानं जेव." आपल्या आईच्या नावाला अशा आवाजात हाक मारलेली त्याने जन्मात ऐकली नव्हती. बापाचीही कधी छाती झाली नव्हती. चपला हातात घेऊन तो आत आला, लेकीशेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "काहून वं बुढी, काय झालं?"

"मी बुढी नाही," पोरगी म्हणाली आणि तिने खुंटीकडे बोट दाखवलं. "बुढी ते पाहा, तिकडं तोंड करून बसली."

नत्थूजीने फोटोकडे पाहिलं, मग चुलीपुढे बसलेल्या पार्वतीकडे पाहिलं, आणि वाढलं तेवढं मुकाट्याने जेवला.