मोजे पेरणाऱ्या काकू

लोक मेथी पेरतात, आमच्या शालनकाकू लोकरीचे मोजे पेरतात.

दसरा-दिवाळीच्या मधल्या उन्हात, सगळं नाशिक घामाघूम झालेलं असताना, काकू जाडजूड मोजे चढवून इगतपुरीची एसटी पकडतात. तिथल्या डोंगरावर वाळक्या गवतातून दिवसभर हिंडतात. संध्याकाळी मोजाभर कुसळं, आघाडा आणि कसकसल्या रानफुलांचं बी चिकटवून परततात. तेरड्यासारखं न चिकटणारं बी पदराच्या गाठीत. एसटीत शेजारी बसलेला माणूसही थोडं रान घेऊनच उतरतो. नेमकं कशाचं बी आणलंत, असं मी एकदा विचारलं.

"चिकटंल ते आपलं," काकू म्हणाल्या. हे उत्तर त्या कशालाही देतात.

पावसाच्या तोंडावर हे मोजे सोसायटीच्या भिंतीलगत, काकूंच्या तळमजल्यावरच्या गॅलरीखाली पुरले जातात. पहिल्या वर्षी वॉचमनला मातीतून अर्धा मोजा वर आलेला दिसला. कुणीतरी करणी केली म्हणून त्याने गेटवर लिंबू बांधलं. काकूंनी ते सोडून सरबत केलं आणि त्यालाच पाजलं.

भाद्रपदात तिथे कमरेएवढं रान माजतं. तेरडा, कुर्डू, सोनकी, त्यावर फुलपाखरं, मधमाश्या, भुंगे. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला दटावतात, हळू चाला, माश्या जेवतायत. गॅलरीत त्यांचे यजमान बसलेले असतात. आम्ही हात केला तरी ढिम्म. रेल्वेत होते म्हणे, पण तोरा जनरल मॅनेजरचा, असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

यंदा मीटिंगमध्ये ठरलं, दसऱ्याआधी मशीन लावून हे गवत साफ करायचं. सेक्रेटरी मी, त्यामुळे काकूंना सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. गेलो तर काकूंनी दारातच तोंडावर बोट ठेवलं. गॅलरीत काका कठड्याला कान लावून बसले होते.

"शटल गेली," ते पुटपुटले. मधमाशी होती. मग एक काळा भुंगा घुमत आला. काकांचा चेहरा उजळला. "मालगाडी. दोन इंजिनं लावलीत."

काकूंनी मला आत ओढलं. "दिसत नाय त्यांना आता. बोलू नका कुठं, लय मानी माणूस हाय," त्या हळूच म्हणाल्या. "जन्म गाड्यांच्या आवाजात गेला. हितं आल्यापासून नुसते गपगार बसायचे. म्हटलं, गाड्याच हिकडं बोलवाव्यात."

गवत कापण्याचं काही बोललोच नाही, चहा पिऊन परत आलो.

कमिटीला सांगितलं की त्या रानात मोठं मोहोळ बसलंय, मशीन लावलं तर माश्या उठतील. मोहोळ कुठलं आलंय. पण अध्यक्षांना मागे गांधीलमाशी चावली होती आणि त्यांनी आठवडाभर खुर्चीत उशी घेतली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठराव तिथेच रद्द झाला. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी माझेही जुने मोजे मागून घेतले.

काकांना मी आता हात करत नाही. गॅलरीसमोरून जाताना चपला जरा जोरात वाजवतो. परवा उशीर झाला म्हणून पळत सुटलो होतो, तर फुलांमागून आवाज आला.

"पॅसेंजर. आज पण लेट."