उंबरठा-दिनाचा इतिहास

भाषा शिकवावी तर मीच! हे मी म्हणत नाही, माझे विद्यार्थी म्हणतात. आणि तेच तर नडलं!

दर बुधवारी पाच वाजता मी मोठ्या माणसांना आपली भाषा शिकवते. कामासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेली चौदा माणसं. कुणी बेकरीवाला, कुणी नर्स, कुणी बसचालक, कुणी शिंपी. दिवसभर राबून येतात आणि बालवर्गाच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसतात. आणि पुस्तकात धडा काय? ‘हे टेबल आहे.’ अहो, टेबल आहे हे त्यांना दिसत नाही का?

मी ठरवलं, आता सुट्ट्यांच्या इतिहासावरून शिकवायचं! कोणती सुट्टी का सुरू झाली, कोणी केली, आधी काय घडलं, मग काय झालं. भूतकाळ आपोआप तोंडात बसतो.

मी कीर्तनं ऐकत वाढलेली बाई. बुवा आधी मुद्दा मांडतात, मग त्यावर आख्यान असं रंगवतात की खांबाला टेकून पेंगणारासुद्धा डोळे पुसत घरी जातो. धडाही तसाच हवा!

“टाळ तेवढे नेऊ नकोस,” आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले.

पहिल्याच तासाला घोळ झाला. बेकरीवाला म्हणाला, त्याच्या गावची सुट्टी जगात सर्वांत जुनी. बसचालक म्हणाला, “तुझी सुट्टी सुरू झाली, तेव्हा आमची संपून लोक कामावर गेले होते!” झालं! दोघं भूतकाळात असे भांडले की व्याकरणाची एक चूक नाही, पण खडूचा डबा मात्र फुटला.

म्हणून गेल्या बुधवारी मी युक्ती केली. कुणाचीच नाही अशी एक सुट्टी स्वतःच रचली. उंबरठा-दिन!

“फार वर्षांपूर्वी,” मी सुरू केलं, “एका गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलत नसे. एक म्हातारी एकटेपणाला कंटाळली. तिनं घराला कुलूप लावलं आणि शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन बसली. म्हणाली, आत बोलावल्याशिवाय उठणार नाही!”

मग मला कुठला आवर! म्हातारी उन्हात बसली, पावसात बसली. शेजाऱ्याचं दार करकरलं, तसा वर्गाचा श्वास थांबला. नर्सनं चक्क हुंदका दिला. मी आणखी चढले. “तेव्हापासून या दिवशी सगळे कामं सोडून शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर बसतात. त्या दिवशी कामावर किंवा वर्गात जाणं म्हणजे महापाप!” तारीख सांगायचा सरावही व्हावा म्हणून फळ्यावर तारीखही लिहिली. पुढच्या बुधवारची.

टाळ्यांचा कडकडाट! त्या आनंदात एक बारीकशी गोष्ट सांगायची राहून गेली. हे सगळं मी रचलंय, ही!

या बुधवारी दुपारी मुख्याध्यापिका धावत आल्या. “बाई, आज तपासणी आहे! साहेब पाचला येतायत. बारा डोकी हजर नसली तर तुमचा वर्ग कायमचा बंद!”

“बारा? माझे चौदाच्या चौदा येतात!” मी पदर खोचून म्हणाले.

पाच वाजले. साहेब आले. चष्मा कपाळावर, वही काखेत. वर्गात मी, फळा आणि चौदा रिकामे बाक.

सव्वापाच झाले. साहेबांनी पेनचं टोपण काढलं. हा वर्ग बंद झाला तर ही माणसं डॉक्टरला दुखणं कुठल्या भाषेत सांगणार? मी बेकरीवाल्याला फोन लावला.

“अहो, कुठं आहात?”

“शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर, बाई! तो तीन वेळा म्हणाला, जा. मी नाही गेलो. म्हातारी गेली होती का?”

मग आणखी दोघांना फोन लावले. नर्स रजा घेऊन एका पैलवानाच्या दारात बसली होती. बसचालक ज्या दारात बसला होता, ते घर सहा महिने रिकामं होतं!

मी फोन ठेवला. आता खरं सांगून टाकावं, देव बघून घेईल, म्हणून तोंड उघडलं, तोच साहेबांचा फोन खणखणला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“अरे, आपल्या शेजारचा शिंपी दोनपासून दारात बसलाय! आत बोलावलं मी त्याला. काय गोड बोलतो रे! कसला तरी दिवस आहे म्हणतो.”

“आई, त्याला आधी बाहेर बसव! मी आलो!”

साहेबांचं घर दोनच गल्ल्या सोडून. ते पुढे, मी मागे धापा टाकत. आत शिंपी पाटावर बसून म्हातारीचं आख्यान सांगत होता आणि साहेबांच्या आई डोळे टिपत होत्या.

“...आणि मग शेजाऱ्यानं दार उघडलं, आजी. तो म्हणाला, चुकलो.”

एक चूक नाही! मी साहेबांकडे पाहून हात जोडले. “साहेब, खरं सांगते. अशी सुट्टी नाहीच. मी मनानंच—”

“नाही कशी?” साहेबांच्या आई कडाडल्या. “आमच्या माहेरी दोन दिवस असायची! आजकालच्या बायांना काही माहीत नसतं. आणि तू रे? पंधरा वर्षं शेजारी राहतोस, या माणसाला कधी आत बोलावलंस?”

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. शिंप्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मुकाट्यानं वहीत लिहिलं.

काल शेरा हाती आला. मुख्याध्यापिकांनी मोठ्यानं वाचला. ‘विद्यार्थ्यांचे भाषेवरील प्रभुत्व उत्तम. गैरहजेरी सुट्टीनिमित्त असल्याने क्षम्य. वर्ग चालू ठेवावा.’

मी देवाचे आभार मानून टुणकन उडीच मारली!

“खाली आहे अजून,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “‘तथापि उंबरठा-दिनासारख्या दिवशी वर्ग उघडा ठेवून शिक्षिका स्वतः हजर राहिल्या, ही बाब गंभीर आहे. लेखी खुलासा द्यावा.’”

खरं लिहिलं तर चौदा जणांची गैरहजेरी लागते आणि वर्ग जातो. म्हणून आज सकाळी आंघोळ करून, देवापुढे कान पकडून, मी खुलासा लिहिला. जो दिवस कधी नव्हताच, त्या दिवशी कामावर आल्याबद्दल क्षमा असावी!