उसनी नववी

रंगाच्या कारखान्यातल्या अकाउंटंटला सॉफ्टबॉल स्पर्धेत फक्त गोदामाच्या संघाला हरवायचं होतं. चषकाशी त्याला देणंघेणं नव्हतं. गोदामाचा कॅप्टन त्याचा सख्खा मेहुणा होता आणि दरवर्षी जिंकलेल्या मॅचचं वर्णन तो सासुरवाडीच्या प्रत्येक जेवणात, पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत करायचा.

यंदा मॅचच्या सकाळी अकाउंटंटकडे नऊपैकी आठच माणसं उरली. कॅशियरची ऐन वेळी पाठ धरली होती. बायको तर "भाऊ तिकडे, नवरा इकडे, मी घरी," असं सांगून आधीच मोकळी झाली होती.

मेहुणा गाडीतून उतरला आणि मागे न बघताच त्याने किल्ल्या फेकल्या. त्याच्या बायकोने एका हातात पिशवी सांभाळत दुसऱ्या हाताने त्या झेलल्या.

"आठच?" मेहुण्याचा चेहरा उतरला. "दाजी, न खेळता जिंकलो तर जेवताना सांगू काय?"

माणूस कमी पडला तर समोरच्या संघाने उसना द्यायचा आणि तो स्पर्धा संपेपर्यंत उसनाच राहायचा, असा तिथला नियम होता. मेहुण्याकडे दहा जण होते. त्याने मोठ्या मनाने बायकोलाच पुढे केलं.

"हिला घ्या. आमच्याकडे सहा वर्षं आहे, कुणाला त्रास नाही."

"वहिनी, तुम्ही कुठं उभ्या राहता?" अकाउंटंटने विचारलं.

"कुंपणापाशी, भावोजी. तिथं चेंडू येत नाही."

"मग आज मध्ये या." हा काही त्याचा दिलदारपणा नव्हता. कुंपणापाशी सावली होती आणि ती जागा शिपायाने आधीच धरली होती.

मॅच सुरू झाली आणि गोदामवाल्यांचे फटके एकामागून एक वहिनींच्या हातात जाऊन बसू लागले. मेहुण्याला घरात प्रत्येक वस्तू फेकायची सवय होती. किल्ल्या, डबा, रिमोट, ओला टॉवेल. "धर गं" म्हणायचीही तसदी नाही. त्यातलं काहीही तिने आजवर खाली पडू दिलं नव्हतं, कारण पडलेलं तिलाच उचलावं लागायचं. त्या मानाने चेंडू फारच गुणी. गोल, कोरडा आणि येताना दिसणारा.

शेवटी गोदाम एका धावेने मागे होतं आणि त्यांचा शेवटचा गडी म्हणून मेहुणा उभा होता. त्याने जोर लावून मारला, तो नेमका बायकोच्या दिशेने.

"सोड, सोड," तो पळता पळता ओरडला.

"सवय नाही हो," ती म्हणाली आणि झेल घेतला.

अकाउंटंटचे डोळे भरून आले. कित्येक वर्षांनी त्याला सासुरवाडीला जेवायला जावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी फायनल होती. संघाने त्याला न विचारताच वहिनींना कॅप्टन केलं. वहिनींनी त्याला दोन चेंडू टाकून पाहिले, दोन्ही सुटले, आणि त्याची रवानगी कुंपणापाशी झाली. कुंपणापलीकडे मेहुणा बायकोची पिशवी धरून उभा होता.

"निवांत राहा, दाजी. इथं चेंडू येतच नाही."

तेवढ्यात आला. "भावोजी, धरा," वहिनी ओरडल्या. अकाउंटंटने दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं. चेंडू शेजारी पडला आणि घरंगळत मेहुण्याच्या पायाशी जाऊन थांबला.

मेहुण्याने तो उचलून अदबीने त्याच्या हातात दिला. "जेवायला कधी येताय?"