रेडिएटरवरचं घुबड

मुखवटा बाथरूममधल्या भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर वाळत होता. घुबडाचा. शशिधर दात घासायला आत गेले तेव्हा त्याचे पिवळे डोळे दाराकडे होते. तोंड धुऊन वळले तेव्हा ते त्यांच्याकडे होते.

लंडनच्या क्रॉयडनमधल्या त्यांच्या घराची मागची छोटी खोली एका मेक्सिकन कुस्तीगिराने भाड्याने घेतली होती. त्याची कुस्ती मुखवटा घालून खेळायची, आणि चेहरा कुणालाही दाखवायचा नाही. जेवायलासुद्धा तो मुखवट्यातच बसे. शशिधर त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तसे ते कुणाशीच बोलत नसत. निवृत्तीपर्यंत कौन्सिलच्या लायब्ररीत होते, तिथे ते खपून गेलं.

त्या सकाळी काय झालं कोण जाणे, त्यांनी मुखवटा डोक्यात चढवला आणि मागची ओली नाडी ओढून बांधली. आरशात स्वतःला न्याहाळत ते रेडिएटरला टेकून उभे राहिले. तेवढ्यात नाडी सुकून गच्च आवळली.

"अगं बाई! कोण आहे?" दारात त्यांच्या पत्नी मधुमती किंचाळल्या.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

शशिधरनी वळून मागची गाठ दाखवली.

गाठ सुटेना, तेव्हा मधुमतींनी कात्री आणली. त्यांचा मुलगा गिरीश धावत आला.

"आई, स्टॉप! आज दुपारी त्याची मास्क विरुद्ध मास्क मॅच आहे. हरला की सगळ्यांसमोर मास्क काढायची, खरं नाव सांगायचं. तू कापली तर तो खेळायच्या आधीच हरला! बाकीच्या मास्क एअरलाइनने हरवल्या आहेत."

"मग त्यालाच सोडवायला सांग."

छोट्या खोलीचं दार बंद होतं. गिरीशने बाहेरूनच सगळं सांगितलं. आतून आवाज आला, "रिंगणाबाहेर दुसऱ्याचा मुखवटा सोडवणं पाप आहे. आणि घुबड आता या खोलीत नाही. ते तुमच्या शेजारी उभं आहे."

मधुमती नवऱ्यापासून हळूच लांब सरकल्या.

दाराची बेल वाजली. शशिधरनीच दार उघडलं. बाहेर सूट-टाय घातलेली एक कवटी उभी होती. कवटीच्या मुखवट्यातला घुबडाचा जुना वैरी, दोघांना मॅचला न्यायला व्हॅन घेऊन आला होता.

"आज तुझं थोबाड बघणारच, पाखरा!"

अनोळखी माणूस बोलला की शशिधरांची जीभ उचलत नसे. ते नुसते बघत राहिले. कवटी नेहमीच्या शिवीची वाट पाहत थांबली.

"काहीतरी बोल ना," ती हळू आवाजात म्हणाली.

कवटीने मागे सरकून व्हॅनचं दार अदबीने उघडून धरलं. शशिधर जाऊन बसले, मागोमाग मधुमती आणि गिरीशही.

कुस्तीच्या हॉलमध्ये कल्ला चालला होता. कुठे उभं राहायचं ते माहीत नसल्यामुळे घुबड रिंगणाच्या मधोमध उभं राहिलं. चष्म्याशिवाय शशिधरना समोर नुसता पांढरा डाग दिसत होता. तो सरकेल तशी ते मान वळवत होते. सावकाश. अगदी सावकाश. हॉलमधला आवाज विझत गेला. शेवटी काहीच सुचेना म्हणून त्यांनी हात जोडले.

कवटीने दोरांवरून बाहेर उडी टाकली. पंचांनी मोजलेले आकडे संपले तरी ती परत आली नाही, म्हणजे हरली.

मागाहून तिला धरून आणलं. मुखवट्याआड घामाघूम झालेला एक मास्तर निघाला. नाव सांगून तो म्हणाला, "शाळेत गणित शिकवतो." मग घुबडाकडे बोट करून पुटपुटला, "तो माणूस नाही."

"बाबा जिंकले!" गिरीश ओरडला.

"मग आता सोडा म्हणावं ते ध्यान," मधुमती म्हणाल्या.

पंचांनी मान हलवली. जिंकलेल्याच्या मुखवट्याला कोण हात लावणार?

घरी आले तर छोट्या खोलीचं दार उघडं. अंथरुणाची नीट घडी, कपाट रिकामं. पाहुणा उघड्या चेहऱ्याने निघून गेला होता. आता ट्राममध्ये शेजारी येऊन बसला असता तरी कुणी ओळखलं नसतं.

शशिधर त्या खोलीत शिरले आणि दार आतून लावून घेतलं.

"अहो, चहा ठेवलाय दाराशी," मधुमती भीत भीत म्हणाल्या.

"तुझ्या चहात साखर फार असते," आतून आवाज आला. "लग्नापासून. आणि रविवारी मँचेस्टरला मॅच आहे, डबा लागेल."

मधुमतींनी कप उचलला आणि मुकाट्याने दुसरा चहा टाकायला गेल्या.